कुत्र्याला रक्त द्यायची वेळ येते तेव्हा: सीमाभागातल्या नव्या पशुवैद्यकांसाठी

पावसाळा सरत आला की खानापूर, जांबोटी, चंदगड या बाजूनं एकच तक्रार घेऊन लोक बेळगावात येतात. "चार दिवस झाले, खात नाही. नुसतं पडून असतंय." ओठ वर करून हिरडी बघावी तर गुलाबीपणाचा लवलेश नाही. कानाच्या आत आणि पायाच्या बेचक्यांत गोचिडी. थर्मामीटरवर ताप, नाहीतर ताप येऊन गेल्यावरची गार अंगाची अवस्था. पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा, काढला तर १०, कधी ८. अशा वेळी दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "रक्त कुठनं आणायचं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. रक्त चढवण्याची क्रिया अवघड नाही. सुई टोचता येते, सलाईन लावता येतं, तर रक्तही लावता येईल. अवघड आहे ते वेळेत चांगलं रक्त मिळवणं, आणि पिशवी लावल्यावर पहिला अर्धा तास कुत्र्याशेजारून न हलणं. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात प्राण्यांची रक्तपेढी आहे. निपाणी, चिकोडी किंवा बैलहोंगलच्या छोट्या दवाखान्यातल्या माणसाला तिचा उपयोग नाही. आपली रक्तपेढी म्हणजे आपल्या फोनमधली नावं. हा लेख त्या नावांपासून सुरू होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सगळं नोंदणीकृत पशुवैद्यकानं, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मदतनिसानं करायचं काम आहे. कुत्र्याच्या मालकांनी हे जरूर वाचावं, म्हणजे दवाखान्यात काय चाललंय ते कळेल. पण घरी करून बघायचा हा विषय नाही.

दाते आधीच जोडून ठेवा

रोगी टेबलावर आल्यावर दाता शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. लसीकरणासाठी येणाऱ्या कुत्र्यांमधूनच दाते निवडायचे. वय १ ते ८ वर्षं, वजन २५ किलोच्या पुढे आणि तेही चरबीचं नव्हे, स्वभाव शांत. लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं. आधी कधी रक्त चढवलेलं नाही. मादी असेल तर गाभण नको, आणि शक्यतो आधी व्यालेलीही नको. पीसीव्ही किमान ४० असावा.

आपल्याकडे लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड पुष्कळ आहेत, विशेषतः बेळगावच्या कॅम्प भागात आणि मळ्यांवर. मुधोळ हाउंड, ज्यांना आपले लोक कारवानी म्हणतात, तेही मुधोळ-जमखंडी पट्ट्यातून इकडे बरेच येतात. या कुत्र्यांचे केस आखूड आणि कातडी पातळ, त्यामुळे मानेची शीर चटकन सापडते. फक्त ती सडपातळ असतात, म्हणून अंदाजानं वजन धरू नका. काट्यावर उभं करा. २२ किलोचं कुत्रं उंचीमुळे ३० चं वाटतं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती दात्याच्या रक्तातून जाणाऱ्या आजारांची. एर्लिकिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, हेपॅटोझून हे सगळे इथल्या गोचिडींबरोबर फिरतात. यातला बबेसिया गिब्सोनी फार चिवट. दाता वरून ठणठणीत असतो, खातो-पितो, भुंकतो, आणि आत जंतू घेऊन हिंडत असतो. ते रक्त आधीच खंगलेल्या कुत्र्याला गेलं तर आपणच त्याच्या अंगात नवा आजार सोडला असं होतं. म्हणून यादीत नाव घालण्याआधी कानाच्या टोकाच्या रक्ताची स्मीअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, जलद तपासणीचं किट वापरा, आणि जमेल तेव्हा पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, प्रयोगशाळेत नमुना पाठवा. स्मीअरमध्ये काही दिसलं नाही याचा अर्थ कुत्रं निर्दोष असा होत नाही. हार्टवर्म आणि ब्रुसेलाही तपासून घ्या. या तपासण्या दरवर्षी परत करायच्या. प्रत्यक्ष रक्त घेण्याच्या दिवशी पीसीव्ही, ताप आणि स्मीअर पुन्हा एकदा. दात्याला गोचीडनाशक गोळी किंवा औषध वर्षभर चालू हवं, नुसतं पावसाळ्यात नव्हे.

रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं धरून आणून त्याचं रक्त घ्या असं सुचवणारे लोक भेटतील. नाही म्हणा. त्याचा पूर्वेतिहास कुणाला माहीत नाही, त्याच्या बाजूनं होकार देणारं कुणी नाही, आणि घेतल्यानंतर त्याची काळजी घेणारंही नाही. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागानं २०२५ मध्ये प्राण्यांच्या रक्तदानासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांचाही भर ऐच्छिक, पैसे न घेता केलेल्या दानावर आणि मालकाच्या लेखी संमतीवर आहे. संमतीचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून ठेवा. गोकाक किंवा सौंदत्तीहून आलेल्या माणसाला काय लिहिलंय ते स्वतः वाचून सही करता आली पाहिजे.

रक्तगट

कुत्र्यांचे रक्तगट माणसांसारखे ए-बी-ओ नसतात. त्यांना डीईए (डॉग एरिथ्रोसाइट अँटिजेन) म्हणतात, आणि त्यातला डीईए १ सगळ्यात महत्त्वाचा. याच गटाचे पूर्वी १.१, १.२ असे भाग करत. आता तो एकच गट धरतात, कुणात ठळक, कुणात फिका. कुत्रं डीईए १ पॉझिटिव्ह असतं किंवा निगेटिव्ह.

दिलासा देणारी बाब अशी की कुत्र्यांच्या रक्तात या गटाविरुद्ध जन्मजात प्रतिपिंडं नसतात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच रक्त मिळणाऱ्या कुत्र्याला गट न जुळताही तत्काळ मोठा त्रास सहसा होत नाही. इथंच नवे डॉक्टर गाफील होतात. निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त गेलं की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतं. आज दिलेल्या पेशी आठवड्या-दोन आठवड्यांत मारल्या जातात, आणि पुढे कधी परत तसंच रक्त दिलं तर पेशी भराभर फुटून कुत्रं दगावू शकतं. मादीच्या पुढच्या पिलांनाही याचा धोका राहतो.

म्हणून कार्डावर होणारी डीईए १ ची तपासणी शक्य असेल तर दोघांचीही करा. दात्यांची तर यादीत घेतानाच करून ठेवा. निगेटिव्ह दाता सापडला तर त्याचं नाव वर लिहा.

रोग्याच्या मालकाला एक प्रश्न हटकून विचारायचा: "याला आधी कधी रक्त चढवलंय का?" आपल्याकडे लोक आज बेळगावात, उद्या कोल्हापुरात, परवा आणखी कुणाच्या सांगण्यावरून तिसरीकडे दाखवतात. कागद घरी राहतात. तेव्हा फक्त "हो-नाही" वर थांबू नका. लाल पिशवी लावली होती का, दुसरं कुत्रं आणलं होतं का, असं उलगडून विचारा. आधीच्या रक्ताला चार दिवसांहून जास्त झाले असतील तर क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रोग्याचं रक्त एकमेकांशी जुळतं का याची तपासणी, केल्याशिवाय एक थेंबही नाही.

क्रॉसमॅच छोट्या दवाखान्यातही होतो. दात्याचं आणि रोग्याचं, दोघांचं रक्त ईडीटीए नळीत (जिच्यात रक्त गोठत नाही) घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रोग्याचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, वेगळा काढा. दात्याच्या लाल पेशी सलाईननं तीनदा धुवा आणि सलाईनमध्येच पातळ करा, साधारण ३ ते ५ टक्के. रोग्याच्या प्लाझ्माचे दोन थेंब आणि दात्याच्या पेशींचा एक थेंब एका नळीत घालून ३७ अंशाला १५ मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवा, मग बघा. वरचं पाणी लालसर झालं किंवा पेशींच्या गुठळ्या दिसल्या तर ते रक्त द्यायचं नाही. शेजारी रोग्याचा प्लाझ्मा आणि रोग्याच्याच पेशी अशी तुलनेची एक नळी ठेवा. तिच्यातही गुठळ्या दिसल्या तर कुत्र्याचं शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलेलं असण्याची शक्यता आहे, आणि मग या तपासणीवर विसंबता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या लागलेल्या दिसतात तेव्हा घाबरू नका. सलाईनचा थेंब टाका. चळत असेल तर सुटते, खरी गुठळी सुटत नाही.

रक्त द्यायचंच का?

निरोगी कुत्र्याचा पीसीव्ही ३७ ते ५५ असतो. आकडा कमी दिसला म्हणून लगेच पिशवी लावायची असं नाही. हळूहळू रक्त कमी झालेलं कुत्रं १५ वरही उभं राहून शेपूट हलवतं, कारण शरीरानं जुळवून घेतलेलं असतं. अपघातात एकदम रक्त गेलेलं कुत्रं २० च्या वर असूनही कोसळतं. आकडा आणि कुत्रं दोन्ही बघा. नाडी जोरात पळतेय का, बसल्याजागी धाप लागलीय का, उभं राहता येत नाही का, हाकेला बघतंय का? अचानक रक्त गेलं असेल आणि पीसीव्ही २० च्या खाली असेल, किंवा जुना आजार असून १२ ते १५ च्या खाली आणि वर ही लक्षणं असतील, तर उशीर करू नका.

कारण काय आहे ते त्याच वेळी शोधायचं. रक्तानं वेळ मिळतो, आजार बरा होत नाही. गोचीडतापात डॉक्सीसायक्लीन किंवा बबेसियाचं औषध चालू झालं नाही तर दिलेल्या पेशीही त्याच वाटेनं जातात. पिलांमध्ये हुकवर्म, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, हे फार मोठं कारण. काळसर पातळ शी आणि पांढऱ्या हिरड्या दिसल्या की पहिल्यांदा शी तपासा.

उसाच्या पट्ट्यात, अथणी-रायबाग-चिकोडीकडे, आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक घोणस. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवा आणि मग तिरकी करा. रक्त वाहिलं तर विषबाधा धरून चाला. इथं आधी सर्पविषविरोधी लस. ती न देता नुसतं रक्त दिलं तर अंगातलं विष त्यातलेही गोठवणारे घटक संपवून टाकतं.

दुसरी गोष्ट उंदराचं औषध, ब्रोमाडायोलोनसारखं. खाल्ल्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, छातीत रक्त साठून धाप. व्हिटॅमिन के-१ लगेच सुरू करायचं, पण त्याचा असर दिसायला काही तास लागतात. तोवर कुत्रं तगवण्यासाठी ताजं रक्त हवं, कारण गोठवणारे घटक ताज्या रक्तातच चांगले असतात. के-१ पुढे तीन-चार आठवडे चालू ठेवावं लागतं. लोक चार दिवसांत बरं वाटलं की बंद करतात, आणि कुत्रं परत रक्त ओकायला लागतं.

"मॅडम, माझंच रक्त घ्या की हो," असं म्हणून बाही वर करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या जिवाची तगमग खरी असते. माणसाचं रक्त कुत्र्याला चालत नाही, हे त्यांना हात धरून शांतपणे सांगायचं. गायी-शेळीचंही नाही. मग त्याच माणसाला दाता कुत्रं आणायला पाठवा. धावपळीला दिशा मिळते. बीट, गूळ, कलेजी घालून या अवस्थेतलं रक्त भरून येत नाही, हेही सांगून टाका. आणि कांदा-लसणाचा रस्सा भाकरीत कुस्करून घालत असतील तर तो आजपासून बंद, कारण कांद्यानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात.

दात्याकडून रक्त घेताना

माणसांच्या रक्तदानाच्याच पिशव्या वापरायच्या. त्या मेडिकल डिस्ट्रिब्युटरकडे मिळतात, आत सीपीडीए-१ हे गोठू न देणारं औषध आधीच भरलेलं असतं. ३५० मिलीच्या पिशवीत ते ४९ मिली असतं. २५ किलोच्या दात्याकडून ३५० मिली घेणं सुरक्षित आहे. ४५० ची पिशवी ३० किलोच्या पुढच्यांसाठी ठेवा. पिशवी अर्धीच भरली तर औषधाचं प्रमाण जास्त होतं, म्हणून थोडंच रक्त हवं असेल तर १०० मिलीची पिशवी घ्या.

दात्याला त्या दिवशी सकाळी जड खाणं नको, पाणी चालेल. मालकाला त्याच्या तोंडाजवळ बसवा. बहुतेक शांत कुत्री मालकाचा हात डोक्यावर असला की गुंगीशिवाय पडून राहतात. फार चुळबुळ करणाऱ्याला ब्यूटॉर्फेनॉल थोडं द्यावं लागतं. एसीप्रोमाझीन मात्र टाळा. त्यानं रक्तदाब उतरतो.

मानेवरचे केस काढा, क्लोरहेक्सिडीन आणि स्पिरिटनं दोन-तीनदा पुसा. यात घाई नको, कारण पिशवीत एक जंतू गेला की तो तिथं वाढत बसतो. कातडी बधिर करणारं मलम आधी लावलं असेल तर उत्तम. पिशवीच्या नळीला सुईपासून थोडं खाली आर्टरी फोर्सेप (नळी दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मगच सुईची टोपी काढा, नाहीतर हवा आत शिरते. मानेच्या मुळाशी अंगठा दाबला की शीर फुगते. सुई जाड असते, १६ गेजची. एकदाच, न चाचपडता आत घाला. नळीत रक्त दिसलं की फोर्सेप सोडा.

पिशवी टेबलाच्या खाली डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. काटा आधी रिकाम्या पिशवीसकट शून्यावर आणा. एक मिली रक्ताचं वजन एक ग्रॅमपेक्षा किंचित जास्त भरतं, त्यामुळे ३५० मिली म्हणजे साधारण ३७० ग्रॅम. मदतनिसाचं एकच काम: पिशवी सतत हळुवार हलवत राहायचं, म्हणजे रक्त आणि औषध मिसळतं आणि गाठी होत नाहीत. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरते. पंधरा मिनिटं उलटली आणि धार बारीकच असेल तर ते रक्त वापरू नका, आत गाठी झालेल्या असतात.

सुई काढल्यावर पाच मिनिटं दाब, मग सैल पट्टी. दात्याच्या हिरड्या आणि नाडी बघा. खायला-प्यायला द्या. दिवसभर पळापळ नको, गळ्यात पट्टा नको, छातीचा पट्टा घाला. तोच दाता परत किमान दोन महिने बोलवायचा नाही. मालकाला "अशक्त होईल का हो?" ही शंका असतेच. काही आठवड्यांत रक्त भरून येतं हे सांगा. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून चौकशी करा. पुढच्या वेळी तो माणूस रात्री अकरालाही येतो.

पिशवीवर लगेच लिहा: दात्याचं नाव, गट, पीसीव्ही, तारीख, वेळ. ताजं रक्त काही तासांत वापरणं सगळ्यात चांगलं. ठेवायचंच असेल तर १ ते ६ अंशाच्या फ्रिजमध्ये, उभं, लसींबरोबर फ्रिजच्या दारात नव्हे. चार आठवडे ते टिकतं, पण प्लेटलेट आणि काही गोठवणारे घटक पहिल्याच दिवशी निकामी होतात.

किती आणि कोणत्या वेगानं

सोपा ठोकताळा असा: दर किलोला २ मिली रक्त दिलं की पीसीव्ही १ नं वाढतो. नेमका हिशोब करायचा तर रोग्याचं वजन गुणिले ९०, गुणिले हवा असलेला आणि असलेला पीसीव्ही यातला फरक, भागिले दात्याचा पीसीव्ही.

समजा २० किलोचं कुत्रं आहे, पीसीव्ही १०, आपल्याला २० हवा, दात्याचा ४५ आहे. २० × ९० × १० ÷ ४५ = ४०० मिली. ३५० ची पिशवी असेल तर औषध धरून आत सुमारे ४०० मिली भरतं, पण पेशी ३५० मिलीच्याच. म्हणजे पीसीव्ही साधारण १८-१९ पर्यंत जाईल. तेवढं पुरतं. ३७ गाठायची हाव धरू नका. कुत्र्याला धोक्याच्या रेषेपलीकडे आणायचं, पुढचं काम त्याची मज्जा करते.

सुई पुढच्या पायाच्या शिरेत, १८ किंवा २० गेजची. लहान पिलाला २२ किंवा २४ चालते. शीरच मिळत नसेल तर पिलाच्या मांडीच्या हाडात सुई घालून मज्जेतून देता येतं. साधा सलाईनचा सेट नको, बीटी सेटच (रक्त चढवायचा सेट) हवा, कारण त्यात जाळी असते आणि बारीक गाठी तिथं अडकतात. त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेट नाही, त्यातल्या कॅल्शियमनं रक्त गोठतं. डेक्स्ट्रोज नाही, त्यानं पेशी फुटतात. इतर इंजेक्शनं दुसऱ्या पायातून. फ्रिजमधली पिशवी गरम पाण्यात बुडवू नका, मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. खोलीत अर्धा तास ठेवली की पुरे.

आता वेग. पहिला अर्धा तास ताशी, दर किलोला अर्धा मिली. आपल्या २० किलोच्या कुत्र्याला ताशी १० मिली. बीटी सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, बहुतेकदा २०. म्हणजे तासाला २००, मिनिटाला तीन-साडेतीन थेंब. इतकं सावकाश की मालक विचारतात, "बंद पडलंय काय?" बंद पडलेलं नसतं. त्या अर्ध्या तासात जेमतेम ५ मिली आत जातं, आणि रक्त जुळत नसेल तर कुत्रं ते याच ५ मिलीत सांगतं.

अर्धा तास नीट गेला की उरलेले ३९५ मिली साडेतीन तासांत: ताशी ११३ मिली, मिनिटाला साधारण ३८ थेंब. एकूण चार तासांच्या आत पिशवी संपली पाहिजे, कारण त्यापुढे खोलीच्या उष्णतेत जंतू वाढायला लागतात. हृदयाचा आजार असेल तर वेग बराच कमी, लागलं तर रक्त दोन भागांत. उलट, अपघातातलं कुत्रं डोळ्यांसमोर जात असेल तर हा हिशोब बाजूला ठेवून भराभर द्यावं लागतं.

तीन-चार किलोच्या पिलासाठी अख्खी पिशवी लागत नाही. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ६ मिली सीपीडीए ओढून घ्या आणि वर ४२ मिली रक्त. हे उघड्यावर घेतलेलं रक्त, लगेच द्यायचं आणि तेही जाळीतूनच.

शेजारी बसायचं म्हणजे काय बघायचं

रक्त लावण्याआधी ताप, नाडी, श्वास, हिरडीचा रंग कागदावर लिहा. हे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मग पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी, पुढे दर पंधरा मिनिटांनी, स्थिर वाटलं की अर्ध्या तासानं. फोन दुसऱ्या कुणाकडे द्या. बाहेर रांग असली तरी तिला थांबू द्या.

ओकारी, अस्वस्थपणा, थरथर, तोंड किंवा पापण्या सुजणं, अंगावर गांधी, एक अंश सेल्सिअसहून जास्त ताप चढणं, धाप, लाल लघवी. यातलं काहीही दिसलं की पहिली कृती एकच: रक्त बंद. नवा सेट लावून सलाईननं शीर चालू ठेवा. नंतर विचार करा.

लगेच थोडं रक्त घेऊन पीसीव्हीच्या नळीत फिरवा. वरचा प्लाझ्मा गुलाबी-लाल दिसला तर पेशी फुटताहेत. ते रक्त परत लावायचं नाही. सलाईन, रक्तदाब, लघवी यांकडे लक्ष द्या, आणि पिशवी फेकू नका, परत तपासायला लागते. प्लाझ्मा स्वच्छ असेल आणि नुसत्या गांधी असतील तर फेनिरामिन (अ‍ॅलर्जीचं औषध) द्या आणि शांत झाल्यावर आधीच्या निम्म्या वेगानं सुरू करा. कुत्रं कोसळलं तर अ‍ॅड्रेनालिन. ते आधीच सिरिंजमध्ये भरून टेबलावर हवं. खोकला, भराभर श्वास, छातीत घरघर म्हणजे रक्त जास्त होतंय: ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध). तोंडाच्या स्नायूंना झटके, अंगाला कंप ही पिशवीतल्या सीपीडीए-१ मधलं सायट्रेट जास्त झाल्याची खूण: दुसऱ्या शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, अगदी सावकाश, छातीला स्टेथोस्कोप लावून.

रक्ताआधी सरसकट स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन ठोकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. पेशी फुटणं त्यानं थांबत नाही, आणि दिलंय म्हणून माणूस निर्धास्त होऊन शेजारून उठतो.

पिशवी संपल्यावर

तासा-दोन तासांनी पीसीव्ही, मग २४ तासांनी, मग ७२ तासांनी. चांगलं लागलेलं रक्त हळूहळू स्थिरावतं आणि मूळ आजाराचं औषध लागू पडलं की कुत्र्याचं स्वतःचं रक्त वाढायला लागतं. तीन ते पाच दिवसांत आकडा एकदम घसरला, हिरड्या पिवळसर दिसल्या, तर दिलेल्या पेशी उशिरा फुटताहेत असं समजून तपासा. मालकाला हिरडी कशी बघायची ते तिथंच, त्याच्याच हातानं ओठ वर करवून दाखवा. कनकुंबीहून रोज बेळगावला येणं त्याला परवडणार नाही, पण हिरडीचा फोटो तो रोज पाठवू शकतो.

घरी सोडताना एक चिठ्ठी द्या आणि तिचा फोटो मालकाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावा: रक्त दिल्याची तारीख, किती मिली, दोघांचा रक्तगट, क्रॉसमॅच केला की नाही, काही त्रास झाला का. खाली ठळक अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये: "या कुत्र्याला रक्त दिलेलं आहे. परत देण्याआधी क्रॉसमॅच करावा. हे कुत्रं दाता म्हणून वापरू नये."